अनुभव धागा: आपलं पुस्तक आपणच काढलं, मग काय झालं?

मेहकरकडचा (धागा काढणारा)

माझ्या कथासंग्रहाच्या ई-पुस्तकाला या पोळ्याला तीन वर्षं झाली. एवढ्या काळात खात्यात आलेले पैसे मोजले, तर बाजार समितीत क्विंटलभर सोयाबीनचे येतात तेवढे भरले. हसू नका. त्याआधी एका प्रकाशकाला पैसे भरून याच कथांच्या 300 प्रती छापून घेतल्या होत्या. त्यातल्या दोनशेच्या वर अजून माळ्यावर उंदरांच्या हवाली आहेत. निदान फायलीला उंदीर लागत नाही.

2016 च्या डिसेंबरात ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तकं आली, तेव्हा ‘आता पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या दारात उभं राहणं संपलं’ असं मीच गावभर सांगत फिरलो होतो. दार उघडलं हे खरं. पण आत गेलो तर टाइप करणारा, तपासणारा, मुखपृष्ठवाला, विकणारा, सगळे आपणच. खेड्यात बसून हे केलेल्यांनी इथे लिहा. खरे आकडे, खऱ्या चुका. ‘माझा लेखनप्रवास’ नको, तो सगळ्यांनी मनोगतात लिहून झालाय.

घाटंजीच्या मॅडम

माझी गोष्ट फॉन्टपासूनच सुरू होते. हस्तलिखित तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं, जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. छपाईला ते चालतं, ई-पुस्तकाला नाही. फाइल युनिकोडमध्ये बदलली, तर गावातली सगळी ‘गर्दी’ ‘गदीर्’ झाली, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले, पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटल्या. 180 पानं.

शेवटी म्हटलं मोबाइलला बोलून लिहू. आमची बोली त्या यंत्राच्या कानाला नवीन. ‘मले’ म्हटलं की ‘मला’ करायचं, एवढं ठीक. पण ‘पऱ्हाटी’चा, म्हणजे कपाशीचा, ‘पराठा’ झाला. दिवाळीच्या सुट्टीत रात्री बारा वाजता मी माझं वाक्य वाचतेय: ‘धुऱ्यापर्यंत पराठे उभे होते आणि बोंडं फुटली होती.’ नवरा उठून विचारायला आला, का हसून राहिली.

आता हातानंच टाइप करते, रोज दोन पानं.

अकोटचा

वर्ध्याला 2023 च्या फेब्रुवारीत 96 वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी पुस्तकाच्या लिंकचा क्यूआर कोड छापलेली 150 कार्डं घेऊन गेलो. सगळी संपली. त्या महिन्यात विक्री 4. लोक कार्ड उलटून पाहत आणि विचारत, ‘बरं, पुस्तक कुठाय?’

संत्रावाला, वरूड

मी साहित्यिक नाही. संत्र्याच्या बागेवर छोटं पुस्तक लिहिलं: जंबेरीच्या खुंटावरची कलमं, आंबिया बहारासाठी झाडांना द्यायचा पाण्याचा ताण, डिंक्या रोग. किंमत 99 रुपये. धागा काढणाऱ्यानं खऱ्या चुका मागितल्या म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी घरीही काढत नाही.

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, ते दोन प्रकारे वापरतात. फवारणीचं 1 टक्क्याचं मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. खोडाला लावायची पेस्ट म्हणजे तेच दोन्ही, पण पाणी 10 लिटर. माझ्या फायलीत फवारणीच्या जागी 10 लिटर पडलं. एक शून्य गेलं. मी चार वेळा वाचलं होतं, मुलानंही वाचलं होतं. आपल्याला माहीत असलेलं आपण वाचतच नाही, डोळा पुढे सरकतो.

काटोलकडच्या एका माणसाचा सकाळी साडेसहाला फोन. ‘भाऊ, इतकं घट्ट पंपातून निघन काय?’ मी चहा तिथंच ठेवला. त्यानं विचारलं म्हणून बरं, नाहीतर पाला जळाला असता आणि वर माझं नाव. त्याच दिवशी फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवली. छापील पुस्तकात हे शक्य नव्हतं, शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवत बसलो असतो. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलं होतं, त्यांच्या मोबाइलवर जुनीच प्रत राहिली. आणि खरी गंमत तर पुढेच. मी ओळखीच्या दहा जणांना पीडीएफ दिली होती. ती वरूड-मोर्शीच्या सगळ्या बागायतदार ग्रुपांत फिरली. दोन महिन्यांनी एका सोयऱ्यानं मलाच पाठवली: ‘भाऊ, हे वाचा, लय कामाचं हाय.’ त्यात 10 लिटरच होते.

तेव्हापासून प्रत्येक ग्रुपात दुरुस्तीचं पान टाकत असतो. पुस्तकाचे पैसे म्हणाल तर विशेष नाही. फुकट पीडीएफ वाचून कलमा घ्यायला माणसं येतात, नर्सरीचं भागतं. पण आकड्यांचं पुस्तक काढणाऱ्यांनो, ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही अशा माणसाकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या. मी आता मेहुण्याकडून वाचून घेतो. तो वीज मंडळात आहे.

पॅकेजवाला, दारव्हा

मी 22 हजार रुपये घातले. कोणाला, ते जाऊ द्या. ‘ई-पुस्तक, मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रमाणपत्र, प्रमोशन’ असं पॅकेज होतं. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे दोन हजार धरले होते. नंतर कळलं, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे स्वतः अर्ज केला तर तो फुकट मिळतो, आणि किंडलवर ई-पुस्तकाला तो लागतही नाही. प्रमाणपत्र मात्र सुंदर आहे. फ्रेम केलंय.

रिसोडची, टोपणनावानं

खरे आकडे मागितलेत तर लिहिते, गाव तेवढं नीट विचारू नका. मी रहस्यकथांची मालिका लिहिते, पुरुषाच्या नावानं. नऊ भाग झाले. पहिल्या वर्षी महिन्याला दोनशे-तीनशे, आता बरा महिना असला तर चार हजारांच्या वर जाते. स्कुटीचा हप्ता निघतो. यातले बरेच पैसे विक्रीचे नाहीतच. किंडल अनलिमिटेड म्हणजे वर्गणी भरून हवी तेवढी पुस्तकं वाचायची योजना, तिच्यात जेवढी पानं वाचली जातात त्यावर मिळतात. म्हणून प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडते की माणसानं झोपू नये.

दोन गोष्टी आधी कोणी सांगायला हव्या होत्या. एक, पैसा लगेच येत नाही. महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येतो. म्हणजे जानेवारीत वाचलेलं मार्चच्या शेवटी. दुसरं, सुरुवातीला कराचा फॉर्म भरायला लावतात. त्यात पॅन नंबर नीट दिला तर अमेरिकेतल्या विक्रीवर 30 ऐवजी 15 टक्के कापतात. अमेरिकेत माझे वाचक किती, तर दोन. तरी भरावंच लागते.

घरी नवऱ्याला माहीत आहे, बाकी कोणाला नाही. जाऊबाई रात्री भाकरीचं आवरलं की मोबाइल घेऊन बसतात. परवा मलाच विचारलं, ‘बाई, तो इन्स्पेक्टर मरते का व पुढच्या भागात?’ मारणार होते. आता थांबले.

अकोटचा (पुन्हा)

रिसोडच्या ताईंनी अनलिमिटेडचं लिहिलं म्हणून माझा मूर्खपणा सांगतो. त्या योजनेत पुस्तक टाकलं की 90 दिवस ते डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, फुकटसुद्धा नाही. कागदावर छापलं तर चालतं. मी अटी न वाचता ‘मान्य’ दाबलं, आणि त्यातल्या तीन कथा आधीपासून दुसऱ्या एका ॲपवर होत्या. मेल आला. इंग्रजी मेल म्हणून मी तो उघडला नाही, जाहिरात वाटली. आठवड्यानं पुस्तक गायब. पुतण्यानं माफीचं पत्र लिहून दिलं, कथा काढल्या, तेव्हा परत आलं.

वडसा

मी झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं लिहितो. दिवाळी ते होळी आमचा हंगाम, रात्रभर प्रयोग. संहिता ई-पुस्तक म्हणून टाकल्या तर मंडळ्या विकत घेतील असा हिशोब. कोणी घेतल्या नाहीत. इथे संहिता तालमीत हातोहात फिरते, कलाकार वहीत आपापले संवाद उतरवून घेतात. उलट एका गावात माझं नाटक नाव बदलून झालं, ते प्रेक्षकानं कळवलं. तेव्हापासून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: प्रयोगासाठी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक. पुस्तक विकून 11 प्रती, त्या ओळीमुळे मानधन दोनदा.

पवनीचा

माझी कादंबरी झाडीबोलीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या बोलीत. एका संपादकांनी ‘निवेदन प्रमाण मराठीत करा, बोली फक्त संवादात ठेवा’ म्हटलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना विक्रीची काळजी. मी ऐकलं नाही, स्वतः काढली. पहिलाच अभिप्राय एक तारा: ‘शुद्धलेखनाच्या असंख्य चुका.’ त्यातल्या निम्म्या बोली होत्या, आणि निम्म्या, खरंच, चुका होत्या. हेच मला झोंबलं. संपादक सोडला तेव्हा बोली वाचली, पण ‘हा शब्द मुद्दाम आहे की चुकून’ हे विचारणारा माणूसही गेला. आता कादंबरीच्या शेवटी दोन पानांची शब्दसूची जोडली आहे. सुरुवातीला ठेवली होती, पण फुकट नमुना पाहणाऱ्याला फक्त सूचीच दिसायची.

मेहकरकडचा

संत्रावाल्या भाऊंचं वाचून रात्री माझी फाइल उघडली. सहाव्या कथेत नायिका पहिल्या पानावर शेवंता आहे, चौथ्या पानापासून सुमन. लग्नही सुमनचंच झालं. तीन वर्षांत एकानंही कळवलं नाही. म्हणजे सहाव्या कथेपर्यंत कोणी पोचलंच नाही म्हणायचं.

संत्रावाला, वरूड

मी पोचलो होतो भाऊ. मले वाटलं दोघी बहिणी हायेत.