‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीत आणि उंदरांनी कुरतडलेला ऑर्गन : यात खरे किती?

प्रश्न (कोरसगायक) : आमचा गायनवृंद यंदा नाताळाच्या कार्यक्रमात ‘सायलेंट नाइट’ गाणार असून गीताआधी त्याच्या इतिहासावर चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उंदरांनी चर्चच्या ऑर्गनचा भाता कुरतडला, म्हणून ऐनवेळी गिटारवर हे गीत रचावे लागले, ही गोष्ट सर्वत्र वाचायला मिळते. ती विश्वसनीय आहे का? तसेच ही चाल हायडन या संगीतकाराची असल्याचे एका जुन्या गीतसंग्रहात छापले आहे, त्याचा उलगडा कोणी करू शकेल का?

उत्तर १ (जुनी_पाने) : उंदरांची गोष्ट आपण भाषणातून वगळावी, असे मी आग्रहाने सुचवेन. या गीताच्या जन्माविषयी सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे संगीतकार फ्रान्झ झेवर ग्रुबर यांनी ३० डिसेंबर १८५४ रोजी स्वतः लिहून ठेवलेले निवेदन, आणि त्यात उंदरांचा उल्लेखच नाही. ते लिहितात त्याचा आशय असा, की २४ डिसेंबर १८१८ रोजी साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ येथील सेंट निकोलस चर्चचे सहायक धर्मगुरू योझेफ मोर यांनी आपली जर्मन कविता त्यांच्या हाती दिली आणि दोन एकल आवाज, गायनवृंद व गिटारची साथ यांसाठी तिला चाल लावण्याची विनंती केली. ग्रुबर शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावात शिक्षक होते आणि ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असत. त्यांनी त्याच संध्याकाळी चाल आणून दिली आणि त्याच रात्री ती गायली गेली. मोर यांनी टेनर (उंच पुरुषी) आवाजात, तर ग्रुबर यांनी बास (खर्जातल्या) आवाजात गायन केले.

मात्र कविता त्या दिवशी सुचलेली नव्हती, आणि माझ्या मते आपल्या श्रोत्यांना सांगण्यासारखी खरी गोष्ट इथे आहे. मोर यांनी ती १८१६ मध्ये, मारियाफार या डोंगराळ गावी असताना लिहिली. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती, त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही आणि पिके बुडाली. साल्झबर्ग त्याच वर्षी ऑस्ट्रियाकडे गेले आणि साल्झाख नदी सीमा ठरल्यामुळे ओबर्नडॉर्फ हे पलीकडच्या लाउफेन गावापासून तुटले. मूळ कवितेला सहा कडवी आहेत, त्यांपैकी चौथ्यात येशू जगातील सर्व लोकांना भावाप्रमाणे कवेत घेतो, असे म्हटले आहे. त्या काळाची पार्श्वभूमी ठाऊक असली की या ओळीचे वजन कळते, आणि नेमके हेच कडवे आज फारसे कोणी गात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

उत्तर २ (सूरलिपी) : हायडनच्या प्रश्नाविषयी लिहितो. कार्ल माउराखर नावाचे ऑर्गन बांधणारे कारागीर हे गीत ओबर्नडॉर्फहून टिरोल या डोंगराळ प्रांतातील झिलरटाल खोऱ्यात घेऊन गेले. तिथल्या स्ट्रासर आणि रायनर या गायक कुटुंबांनी ते गावोगावी गायले. स्ट्रासर भावंडांनी ते जर्मनीतील लाइपझिगला पोहोचवले आणि रायनर मंडळींनी १८३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सादर केले. लाइपझिगच्या छापील प्रतीत ते टिरोलचे गीत म्हणून आले, कवी-संगीतकारांची नावे नव्हती, त्यामुळे लोक एखादे मोठे नाव शोधू लागले. अखेर १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारातील संगीतविभागाने साल्झबर्गला विचारणा केली, की ही रचना मिखाएल हायडन यांची आहे काय. जुनी_पाने यांनी सांगितलेले निवेदन हे त्याच विचारणेचे उत्तर आहे. हे हायडन, म्हणजे प्रसिद्ध योझेफ हायडन यांचे धाकटे बंधू, १८०६ मध्येच वारले होते आणि कविता तर १८१६ ची आहे. शंकेला उरलीसुरली जागा १९९५ मध्ये संपली, कारण मोर यांच्या हस्ताक्षरातील प्रत सापडली आणि तीवर शब्द आपले व वर्ष १८१६ असे नोंदवून चाल ‘फ्र. झेव. ग्रुबर’ यांची असल्याचे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

कोरसगायक : दोघांचेही मनःपूर्वक आभार. उंदीर वगळतो. मूळ स्वरूपात गायचे झाल्यास काय पाहावे?

सूरलिपी : मोर यांच्या प्रतीत पट्टी डी मेजर (‘डी’ हा आधारस्वर), ताल सहा-आठचा (एका आवर्तनात सहा मात्रा) आणि साथ गिटारची आहे. दोन आवाजांनी कडवे गावे आणि शेवटच्या ओळी गायनवृंदाने पुन्हा म्हणाव्यात. गती फार संथ ठेवू नये. ही चाल पाळण्यासारखी झुलणारी आहे, ती रेंगाळली की झोका तुटतो. जॉन फ्रीमन यंग यांच्या १८५९ च्या प्रचलित इंग्रजी भाषांतरात मूळचे पहिले, सहावे आणि दुसरे एवढीच कडवी आहेत, म्हणून चौथे हवे असल्यास ते जर्मनमध्येच गावे आणि अर्थ आधी निवेदनात सांगावा.