मदत हवी आहे: टेलव्हील विमान (तिसरे चाक शेपटीखाली असलेले) टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, सरळ राहत नाही

नवशिक्या: टॅक्सी करताना नाक डावीकडे वळू लागले की मी उजवे रडर (शेपटीवरचे, पायांच्या पेडलने फिरणारे सुकाणू) देतो. क्षणभर काहीच घडत नाही आणि मग विमान एकदम उजवीकडे झेपावते. ब्रेक लावला तर प्रकरण आणखी चिघळते. 'सराव करा' हे उत्तर कृपया नको, पायांनी नेमके काय करावे ते सांगावे.

पुष्पक: विमान कोणते? ब्रेक टाचेचे की पंजाचे? वारा कुठून होता?

नवशिक्या: पायपर जे-३ कब, म्हणजे ब्रेक अर्थातच टाचेचे. वाऱ्याचा येथे काय संबंध?

शेपटीवाला: गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे सुरू झालेले वळण आपोआप थांबत नाही, उलट वाढत जाते. रडर आणि शेपटीचे चाक स्प्रिंगांनी जोडलेले असल्याने प्रतिसाद किंचित उशिरा मिळतो, आणि तेवढ्या अवधीत आपण पेडल आणखी दाबत असणार. नाक परतू लागताच, ते सरळ होण्याआधीच, उजवा पाय सैल करून डावा हलकेच दाबावा. ब्रेकवर टाच ठेवूच नये.

पुष्पक: हे सरसकट पटत नाही. ठरावीक कोनापलीकडे मोकळे फिरणारे टेलव्हील असेल, तर आखूड वळण ब्रेकशिवाय होत नाही. मात्र आधी पूर्ण रडर, मग त्याच बाजूचा ब्रेक क्षणभर, हा क्रम पाळावा.

शेपटीवाला: नवख्याच्या टाचेला 'क्षणभर' कळत नाही. दोन्ही ब्रेक जोरात लागले, तर शेपटी उचलली जाऊन प्रोपेलर जमिनीवर आपटतो. त्यापेक्षा थ्रॉटलचा (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचा) छोटा झटका द्यावा, प्रोपेलरच्या झोताने रडरला धार येते.

गगनविहारी: कब नेहमी तिन्ही चाकांवर एकदम उतरवावे, असे माझे ठाम मत आहे.

नवशिक्या: मी उतरण्याविषयी विचारलेलेच नाही. वारा डावीकडून, किंचित समोरून होता.

पुष्पक: मग नाक डावीकडेच जाणार, कारण हे विमान वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते. अशा वाऱ्यात स्टिक (हाताने धरायची नियंत्रण-दांडी) मागे व डावीकडे ठेवावी. वारा उजवीकडून व मागून आला, तर ती पुढे व डावीकडे न्यावी. वेग जलद चालण्याइतकाच असू द्यावा. आणि टेलव्हीलच्या स्प्रिंगा ढिल्या आहेत का, हे मेकॅनिककडून एकदा तपासून घ्यावे.