‘नियतव्यय मंजूर’ म्हणजे पैसे आले का? नियतव्यय, तरतूद, अनुदान, वितरण यांतला फरक

कादवाकाठ:
दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वस्तीरस्त्याबद्दल बातमी आली : ‘रस्त्यासाठी ४० लाखांचा नियतव्यय मंजूर’. ग्रामसेवक म्हणतात निधी आलेला नाही. बांधकाम उपविभागात म्हणतात तरतूद आहे, पण बीडीएसवर (निधी वितरणाच्या संगणकीय नोंदीत) पैसे नाहीत. तिघांपैकी बरोबर कोण? ग्रामसभेत लोकांना नीट सांगायचं आहे, म्हणून शब्दांचे अर्थ नेमके हवेत.

लेखाशीर्ष:
तिघंही बरोबर असू शकतात, कारण प्रत्येक जण वेगळ्या टप्प्याबद्दल बोलतोय.

नियतव्यय म्हणजे ठरवून दिलेली खर्चाची मर्यादा. जिल्हा वार्षिक योजनेसाठी शासन जिल्ह्याला कमाल मर्यादा कळवतं. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती त्या मर्यादेत राहून कोणत्या योजनेला किती द्यायचे ते ठरवते. हा आकडा आराखड्यातला आहे, खात्यातला नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : नियतव्यय योजनेला मिळतो, एका रस्त्याला नाही. ‘३०५४, ग्रामीण मार्ग’ अशा लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या हिशेबाचा ठरलेला क्रमांक आणि नाव) साऱ्या जिल्ह्याचा मिळून एक नियतव्यय असतो. तुमच्या बातमीतले ४० लाख ही बहुधा त्या कामाच्या प्रशासकीय मान्यतेची, म्हणजे काम आणि त्याचा अंदाजित खर्च मंजूर करणाऱ्या आदेशातली, रक्कम आहे. बातम्यांत हा घोळ नेहमी होतो आणि मग गावाला वाटतं पैसे आले.

तरतूद, म्हणजे विधिमंडळानं अर्थसंकल्पात मंजूर केलेली रक्कम, ही त्यापुढची पायरी. मार्चच्या अधिवेशनात अनुदानाच्या मागण्या मंजूर होतात, पाठोपाठ विनियोजन विधेयक मंजूर होतं. संविधानाच्या अनुच्छेद २०४ प्रमाणे त्या कायद्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून रुपयाही काढता येत नाही. मूळ तरतूद अपुरी पडली तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणी येते.

पण तरतूद असली म्हणून ती खर्चायला मोकळी असते असं नाही. वित्त विभाग बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर ती टप्प्याटप्प्यानं सोडतो. नियंत्रक अधिकाऱ्याकडून ती आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या (कोषागारातून पैसे काढून देणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नावावर वर्ग झाली की ‘निधी वितरित झाला’ म्हणायचं. बीडीएसची पावती बिलाला जोडल्याशिवाय कोषागार बिल घेत नाही. ‘तरतूद आहे, बीडीएसवर पैसे नाहीत’ याचा अर्थ एवढाच.

गोदातीर:
वरचं सगळं बरोबर. जिल्हा परिषदेच्या कामांत मात्र आणखी एक शब्द कळल्याशिवाय उलगडा होत नाही : दायित्व. मागच्या वर्षांत मंजूर झालेल्या, पण अजून पैसे द्यायच्या राहिलेल्या कामांचा हा बोजा. नवी कामं धरताना आधी दायित्व वजा करतात आणि उरलेल्या रकमेच्या दीडपट कामांचं नियोजन करतात.

समजा एखाद्या लेखाशीर्षाचा नियतव्यय १० कोटी आहे आणि दायित्व ६ कोटी. उरले ४ कोटी. त्याच्या दीडपट म्हणजे ६ कोटींच्या नव्या कामांना प्रशासकीय मान्यता मिळू शकते. जुनी ६ आणि नवी ६ मिळून १२ कोटींची कामं, हातात फार तर १० कोटी. वरचे २ कोटी पुढच्या वर्षाचं दायित्व होतात. दीडपट ठेवण्यामागे कारण आहे : सगळी कामं एका वर्षात पुरी होत नाहीत, निविदा कमी दरानं जातात, काही कामं जागेच्या वादात अडकतात. पण मान्यता या हिशेबापलीकडे गेल्या की दायित्व फुगतं, ठेकेदारांची बिलं थकतात आणि काम अर्ध्यावर थांबतं. गावानं खरी विचारपूस करायची ती इथे.

मुदतही बघा. बांधकाम विभागासारख्या राज्याच्या खात्यात न खर्चलेली तरतूद त्याच आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. जिल्हा परिषदेला वार्षिक योजनेच्या निधीसाठी दोन वर्षं मिळतात, म्हणजे २०२४-२५ मध्ये मिळालेला निधी ३१ मार्च २०२६ पर्यंत. नंतर अखर्चित रक्कम शासनाला परत करावी लागते.

पिंपळगावकर:
‘अनुदान’ शब्दानेही गोंधळ होतो. कार्यालयात ‘अनुदान आलं का?’ म्हणजे खर्चायला निधी मिळाला का. शेतकरी ठिबकचं अनुदान म्हणतो ते अर्थसाहाय्य. २०२३ चं कांदा अनुदान आठवा : क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटल, म्हणजे एका शेतकऱ्याला ७० हजारांपर्यंत. घोषणा झाली, पण नाशिकच्या शेतकऱ्यांना सगळी रक्कम एकदम मिळाली नाही, हप्त्यांनी मिळाली. घोषणा, तरतूद आणि वितरण या तीन वेगळ्या तारखा असतात, हे तेव्हा घराघरांत कळलं.

कादवाकाठ:
आता उलगडलं. मग नेमकी कोणती कागदपत्रं मागू?

लेखाशीर्ष:
आधी गाव आदिवासी उपयोजना क्षेत्रात (आदिवासी भागासाठी वेगळा निधी असलेल्या क्षेत्रात) येतं का ते पाहा. दिंडोरीत दोन्ही प्रकारची गावं आहेत. येत असेल तर त्या कामाचं लेखाशीर्ष वेगळं असू शकतं आणि सर्वसाधारण योजनेच्या यादीत कितीही शोधलंत तरी काम सापडणार नाही.

मग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकाराचा अर्ज द्या : जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘रस्त्याचे पैसे कुठे गेले’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. प्रती मागा : कामाचा प्रशासकीय मान्यता आदेश, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, त्या लेखाशीर्षाचे त्या वर्षातले निधी वितरण आदेश आणि काम सुरू झालं असेल तर मोजमाप पुस्तिकेची पानं. उत्तराची मुदत ३० दिवस.

गोदातीर:
त्याच लेखाशीर्षाच्या दायित्वाची कामनिहाय यादीही मागा. जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांचं कार्यालय नाशिकला सीबीएस बस स्थानकाजवळ जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. योजनानिहाय मंजूर नियतव्यय आणि वितरित निधी तिथे मिळेल, एकेका रस्त्याचा हिशेब मात्र जिल्हा परिषदेकडेच. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात लेखाशीर्ष लिहिलेलं असतं, तेव्हा तो आदेश आधी मिळवा आणि बाकीच्या अर्जांत त्याच लेखाशीर्षाचा क्रमांक टाका.