मदत हवी आहे: नेटवर्कचे दोन भाग केल्यावर वजनकाट्याचे आकडे ऑफिसात येत नाहीत; ब्रॉडकास्ट पत्ता नेमका कसा ठरतो?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू प्रक्रिया कारखान्यात संगणकांची व्यवस्था मी पाहतो. ऑफिस आणि पॅकिंग विभाग आजवर १९२.१६८.१.० या एकाच नेटवर्कवर होते आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० होता. पॅकिंगकडे कॅमेरे, हजेरीचे यंत्र, लेबल छापणारे प्रिंटर अशी गर्दी वाढली, आणि हिशेबाचे संगणक त्यांच्यापासून वेगळे असावेत अशी मालकांचीही इच्छा होती, म्हणून मध्ये राउटर बसवून नेटवर्कचे दोन भाग केले. आता पत्त्यातला शेवटचा आकडा ऑफिसला ० ते १२७, पॅकिंगला १२८ ते २५५, आणि दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.१२८ आहे.

पॅकिंगमधला वजनकाटा काजूगराचा डबा भरला की त्याचे वजन ब्रॉडकास्ट करतो, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व यंत्रांना एकदम पाठवतो, आणि ऑफिसातल्या संगणकावरचा प्रोग्राम ते घेऊन साठ्याच्या नोंदीत भरतो. विभागणीनंतर काट्यावर ११.३४ किलो स्पष्ट दिसते, पण ऑफिसात वजनाचा रकाना रिकामाच राहतो. असे असूनही ऑफिसातून काट्याला पिंग केल्यास (तो पोहोचतो का हे पाहणारा छोटा संदेश पाठवल्यास) लगेच उत्तर येते. काट्याच्या सेटिंगमध्ये वजन पाठवण्याचा पत्ता १९२.१६८.१.२५५ आहे.

दुसरी गोष्ट अशी की, ऑफिसातल्या नव्या प्रिंटरला १२७ हा क्रमांक दिला तर तो स्वीकारत नाही. विभागणीपूर्वी हाच क्रमांक एका संगणकाला होता आणि तो विनातक्रार चालत होता. काट्यात २५५ ऐवजी १२७ टाकून काम होईल का? मला केवळ तोडगा नको आहे. असे का होते तेही समजून घ्यायचे आहे, कारण पुढे आणखी विभागणी करावी लागणार आहे.

प्रतिसाद १

आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. ब्रॉडकास्ट पत्ता म्हणजे २५५ असे समीकरण मनात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात तो मास्कवरून ठरतो. पत्ता ३२ बिटांचा असतो. मास्कमध्ये जिथे १ आहेत तो भाग नेटवर्कचा, आणि जिथे ० आहेत तो यंत्रांचा. यंत्रांच्या भागातील सर्व बिट ० केले की नेटवर्कचा पत्ता मिळतो, आणि सर्व १ केले की ब्रॉडकास्टचा.

आपल्या नव्या मास्कमधला शेवटचा आकडा १२८, म्हणजे द्विमान पद्धतीत १०००००००. यंत्रांसाठी सात बिट उरले. ऑफिसच्या भागात आठवा (सर्वांत डावीकडचा) बिट ० आहे, म्हणून ०१११११११, अर्थात १२७, हा ब्रॉडकास्ट पत्ता झाला. जुन्या मास्कमध्ये यंत्रांसाठी आठही बिट होते, त्यामुळे तेव्हा १२७ हा साधा पत्ता होता. पॅकिंगच्या भागात आठवा बिट १ आहे, म्हणून तिथे ११११११११, म्हणजे २५५. प्रत्येक भागात १२८ पैकी १२६ पत्तेच यंत्रांना देता येतात.

यावरून काट्याचे कोडे सुटते. तो २५५ वर पाठवतो, म्हणजे फक्त पॅकिंगला पाठवतो, आणि ते ब्रॉडकास्ट राउटरपाशी थांबते. पिंग मात्र एका ठरावीक पत्त्यासाठी असल्याने राउटर ते पुढे नेतो. पिंगचे उत्तर येते आहे, त्या अर्थी काट्याचा मास्क आणि गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जाण्यासाठी दिलेला राउटरचा पत्ता) बहुधा बरोबर आहेत.

प्रतिसाद २

वरील स्पष्टीकरण अचूक आहे. काट्यात १२७ टाकण्याविषयी थोडे लिहितो. तसे केल्यास ते दुसऱ्या नेटवर्कला उद्देशून केलेले ब्रॉडकास्ट होईल. पूर्वी राउटर अशी ब्रॉडकास्ट पुढे नेत असत; पण बनावट पत्त्याने एक पिंग पाठवायचे आणि शेकडो यंत्रांची उत्तरे तिसऱ्याच संगणकावर कोसळवायची, असे 'स्मर्फ' नावाचे हल्ले होऊ लागले. त्यामुळे १९९९ च्या आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने राउटरमध्ये ही सोय मुळात बंदच असावी असे ठरवले. आपल्या राउटरवर ती चालू करता येत असली तरी एका काट्यासाठी तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी काट्यात वजन पाठवण्याचा पत्ता म्हणून ऑफिसातल्या त्या संगणकाचाच पत्ता द्यावा, तो पत्ता कायमचा ठेवावा, आणि संगणकाच्या फायरवॉलमध्ये संबंधित यूडीपी पोर्ट (वजनाचे संदेश आत येण्याचा क्रमांकित मार्ग) उघडावा. काटा एकच पत्ता स्वीकारत असेल आणि वजन अनेक संगणकांना हवे असेल, तर नोंदीचा प्रोग्राम पॅकिंगमधल्या एखाद्या संगणकावर चालवणे बरे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काट्यात ऑफिसच्या संगणकाचा पत्ता दिला, पोर्ट उघडला, आणि वजने पुन्हा नोंदीत येऊ लागली. आता पॅकिंगच्या भागाचे आणखी दोन भाग करून कॅमेरे वेगळे काढायचे आहेत. तिथे मास्क २५५.२५५.२५५.१९२ होईल आणि ब्रॉडकास्ट पत्ते १९१ व २५५ होतील, हे बरोबर आहे का?

प्रतिसाद १

अगदी बरोबर. भाग १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५ असे होतील, आणि प्रत्येकात ६२ यंत्रे बसतील. बदल करण्यापूर्वी १९१ आणि १९२ हे क्रमांक आज कोणत्या यंत्राला दिलेले आहेत का ते पाहावे, कारण ते दोन्ही आता यंत्रांना देता येणार नाहीत. आणि प्रत्येक यंत्राचा मास्क बदलावा. एखादा कॅमेरा जुन्याच मास्कवर राहिला तर शेजारच्या भागातली यंत्रे त्याला आपल्याच नेटवर्कवर आहेत असे वाटेल, आणि तो राउटरकडे न जाता त्यांना थेट शोधत राहील.