'प्रीमियर'ला मराठीत काय म्हणावं? (क्वेबेकच्या निवडणुकीच्या निमित्ताने)

सुमेधा_अनु
कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची निवडणूक ५ ऑक्टोबर २०२६ ला व्हायची आहे. तिच्यावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करतेय आणि एका पदनामापाशी अडलेय. प्रांताच्या सरकारचा प्रमुख इंग्रजीत 'प्रीमियर' आणि देशाचा 'प्राइम मिनिस्टर', इथवर ठीक. पण क्वेबेकचा कारभार फ्रेंचमधून चालतो आणि फ्रेंचमध्ये दोघंही 'प्रेमिए मिनिस्त्र'. मी 'मुख्यमंत्री' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'पंतप्रधान' केलं, कारण मूळ लेख फ्रेंच आहे. आता एकाच परिच्छेदात कॅनडाचे पंतप्रधान क्वेबेकच्या पंतप्रधानांना भेटतात आणि दोन देशांची बोलणी चालल्यासारखं वाटतं. 'मुख्यमंत्री' चुकीचं आहे का?

माधव७
अजिबात नाही. बहुमतवाल्या पक्षाचा नेता, सभागृहाला जबाबदार, वर नामधारी राज्यपाल. काम तेच, मग नाव तेच. वाचकाला अडखळायला लावण्यात काय अर्थ आहे?

तत्सम
काम तेच असले तरी इतिहास तोच नाही. आपल्याकडे 'मुख्यमंत्री' राज्यघटनेबरोबर स्थिरावला. १९३७ साली प्रांतांत मंत्रिमंडळे आली तेव्हा मुंबईच्या बाळासाहेब खेरांना इंग्रजीत 'प्रीमियर'ही म्हणत आणि 'प्राइम मिनिस्टर'ही. जम्मू-काश्मीरला तर १९६५ पर्यंत स्वतःचा पंतप्रधान होता आणि त्याच वेळी दिल्लीतही पंतप्रधान होतेच. म्हणजे एका देशात दोन पंतप्रधान आपण पाहिलेले आहेत. तरी घोटाळा टाळायचा असेल तर 'मुख्य प्रधान' घ्या. पेशव्यांच्या शिक्क्यात 'शाहू नरपती हर्षनिधान' यानंतर पेशव्याचे नाव आणि मग हेच दोन अक्षरशः आपले असे शब्द येतात: मुख्य प्रधान. घरात शब्द असताना उसना कशाला?

माधव७
पेशव्याला छत्रपतींनी नेमलं होतं. त्याला कुठल्या सभागृहात बहुमत सिद्ध करावं लागत नव्हतं.

तत्सम
प्रीमियरची नेमणूकही कागदोपत्री राजाच्या नावानेच होते, लेफ्टनंट गव्हर्नरच्या हातून.

खानदेशी
आणि त्या लेफ्टनंट गव्हर्नरचं काय करणार ताई? 'नायब राज्यपाल' लिहिलंत तर वाचक थेट दिल्लीत पोचेल. तिथले नायब राज्यपाल केंद्राचे आणि अधिकारही भरपूर. क्वेबेकचा लेफ्टनंट गव्हर्नर राजाचा प्रतिनिधी, तोही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालणारा. मी साधं 'राज्यपाल' लिहीन.
'प्रांत'ही जपून वापरा. आमच्याकडे प्रांत म्हणजे प्रांताधिकारी. 'प्रांतांकडे अपील केलंय' असंच आम्ही बोलतो.

नीलम_माँट्रियल
मी इथेच राहते. घरी मराठीत बोलताना आम्ही सरळ 'प्रीमियर' म्हणतो, पण लेखात 'मुख्यमंत्री' आणि 'विधानसभा' लिहू नये असं मला मनापासून वाटतं. इथल्या सभागृहाचं नाव 'राष्ट्रीय सभा' आहे. १९६८ च्या अखेरीस वरचं सभागृह रद्द झालं तेव्हा खालच्याने हे नाव घेतलं. क्वेबेक शहराच्या परिसरालाही अधिकृत नाव 'राष्ट्रीय राजधानी'. मी एकदा कामावर बोलताना 'प्रांतिक विधानसभा' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले, तर सहकारी बाईंनी काम थांबवून मला दुरुस्त केलं. ती चिडली नव्हती, पण तिला ते फार महत्त्वाचं होतं. ही नावं त्या लोकांनी विचारपूर्वक घेतली आहेत. कॅनडाच्या संसदेनेही २००६ मध्ये ठराव करून क्वेबेकी लोक हे अखंड कॅनडातलं एक राष्ट्र असल्याचं मान्य केलं. त्यांचं 'राष्ट्र' आपण अनुवादात 'राज्य' करून टाकायचं?
बाकी उच्चार 'केबेक' आहे.

जुना_वाचक
नीलमताई, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण मराठीत 'राष्ट्रीय सभा' हे नाव आधीच दिलेले आहे. टिळकांच्या काळचे मराठी वाचणाऱ्याला राष्ट्रीय सभा म्हणजे काँग्रेस. 'नॅशनल असेंब्ली'च ठेवा, आणि 'प्रीमियर'ही. विशेषनामांचे भाषांतर करू नये.

तत्सम
हे मला अजिबात पटत नाही, आणि क्वेबेकबद्दल लिहिताना तर मुळीच नाही. १९७७ च्या भाषा कायद्याने फ्रेंचला त्या प्रांतात तिचे स्थान मिळवून दिले. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या पाटीवर 'स्टॉप' असते. क्वेबेकमध्ये 'आरे' लिहितात. ईमेलला त्यांनी 'कुरिएल' रुळवला. अशा लोकांची बातमी आपण 'प्रीमियर' आणि 'नॅशनल असेंब्ली' म्हणत द्यायची? मेयरला सावरकरांनी 'महापौर' दिला. आज तो कुणालाही जड जात नाही. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

खानदेशी
महापौर रुळला कारण महापौर रोज लागतो. क्वेबेकचा मुख्य प्रधान मराठी वर्तमानपत्रात चार वर्षांतून एकदा येणार. तो कसा रुळेल?

गोंयकार
पदनामावर एवढं चाललंय, मला काळजी दुसऱ्याच शब्दाची आहे. पार्टी केबेक्वाला काय म्हणणार आहात? सत्ता आली तर पहिल्याच कारकिर्दीत स्वातंत्र्यावर सार्वमत घेऊ, असं त्या पक्षाचं आश्वासन आहे. मराठी बातम्यांत अशा पक्षाला डोळे झाकून 'फुटीरतावादी' लिहितात. हा शब्द नाही, निकाल आहे. ते स्वतःला 'सार्वभौमत्ववादी' म्हणवतात. १९८० आणि १९९५ ला त्यांनी मतपेटीतूनच विचारलं. १९९५ ला 'नको' म्हणणारे ५०.५८ टक्के होते. म्हणजे जवळजवळ अर्धा प्रांत फुटीर?

माधव७
देशातून बाहेर पडायचं म्हणजे फुटायचंच ना? 'सार्वभौमत्ववादी' हे पक्षाचं प्रचाराचं नाव आहे, ते आपण का उचलायचं? फार तर 'विभक्ततावादी' म्हणा.

जुना_वाचक
'फुटीर'ला जो वाईट वास आहे तो 'फितूर'मुळे. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत.

सुमेधा_अनु
नाही हो काका. 'फुटीर' आपल्या 'फुटणे'मधून. 'फितूर' अरबीतून फारसीमार्गे आला. कानाला जवळ वाटतात एवढंच.

जुना_वाचक
व्युत्पत्ती वेगळी असेल, पण बोलणाऱ्याच्या मनात ते शेजारी बसले आहेत आणि अर्थ तिथूनच घडतो. गडाचा दरवाजा उघडणाऱ्याला आमचे आजोबा एकाच वाक्यात फुटलेला आणि फितूर म्हणत.

नीलम_माँट्रियल
गोंयकारांशी पूर्ण सहमत. आणि 'सार्वमत' की 'जनमत'?

गोंयकार
आमच्याकडे 'जनमत कौल'. १६ जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात जावा की संघप्रदेश राहावा. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी दोन पानं जिंकली. आमच्या घरात दोन्ही बाजूंचे लोक होते आणि अजूनही त्या विषयावर आवाज चढतात. 'विलीन' म्हणजे विरघळून गेलेलं, तरी ज्यांना महाराष्ट्र हवा होता तेही 'विलीनीकरण'च म्हणायचे. त्यांनी 'एकीकरण' म्हटलं असतं तर? मला हा प्रश्न खरंच छळतो. म्हणून सांगतो, सुमेधाताई, क्वेबेकच्या बाबतीत शब्द पारखून घ्या. तिथे मत द्यायचं अजून बाकी आहे.

तत्सम
'कौल' अरबी आहे. 'लोकनिर्णय' म्हणावे.

गोंयकार
अरबी असेल, पण देवळात देवाला कौल लावतो तेव्हा तो आमचाच असतो. पाकळी उजवीकडून पडली की होकार. त्यात विचारणं आहे आणि उत्तर मानणंही आहे. 'लोकनिर्णया'त ते कुठे येतं?

माधव७
मग निवडणुकीच्या निकालाला 'कौल' म्हणणं बंद करा. २०२२ ला क्वेबेकमध्ये जिंकलेल्या पक्षाला १२५ पैकी ९० जागा मिळाल्या, मतं मात्र सुमारे ४१ टक्के. पार्टी केबेक्वाला १४ टक्क्यांहून जास्त मतं आणि जागा ३. हा जनतेचा कौल की मतदारसंघांच्या गणिताचा?

खानदेशी
माधवभाऊ, जागा मोजूनच सरकार बनतं, म्हणून 'कौल' जागांचाच धरतात. आपल्याकडेही तेच.

सुमेधा_अनु
'फुटीरतावादी' काढलं. 'सार्वभौमत्ववादी' ठेवून पहिल्या उल्लेखात अर्थ उलगडून सांगते. 'सार्वमत'ही ठेवते. पण प्रीमियर? मजकूर या आठवड्यात द्यायचा आहे.

तत्सम
मुख्य प्रधान.

नीलम_माँट्रियल
मुख्यमंत्री सोडून काहीही चालेल.

गोंयकार
ते ठरवा तुम्ही. तत्सम, कौलनाम्यातला कौल म्हणजे अभयवचन, तोही अरबीच. मग देवाचा कौल त्यातूनच आला की वेगळा, हे कुणी जुन्या कागदांत पाहिलंय का?