सायबरसुरक्षेसाठी मालमत्तेच्या नोंदीत काय असावे?

प्रश्न: फायरवॉल (नेटवर्कवरील नको असलेली ये-जा अडवणारी यंत्रणा) घेण्याआधी संस्थेतील सर्व्हर, लॅपटॉप यांची नोंद करावी, असे मी सुचवले आहे. तिच्यात आणखी काय असावे?

उत्तर १: केवळ यंत्रे मोजून भागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या लायब्ररीतील, म्हणजे अनेक सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार कोडमधील, गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा ती आपल्या कोणत्या प्रणालींत दडली आहे हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते. म्हणून सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, क्लाउडवरील खाती आणि प्रत्येकाचा जबाबदार माणूस नोंदवाच. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती तर हमखास निसटतात.

उत्तर २: सहमत. नोंदीतील प्रत्येक गोष्टीची जोखीम ठरवताना हल्ल्याची शक्यता आणि त्याचा परिणाम दोन्ही पाहावेत. इंटरनेटला उघडा असलेला चाचणी-सर्व्हर किरकोळ वाटला, तरी त्यावर ग्राहकांच्या माहितीची प्रत असेल, तर तो जोखमीच्या यादीत वर यायला हवा.

प्रश्नकर्ता: बॅकअपही धरावेत का?

उत्तर १: अवश्य, आणि ते शेवटचे कधी पूर्ववत करून पाहिले, ती तारीखही लिहावी.