मदत हवी आहे: आरआरएसपी (कॅनडातली निवृत्ती बचत योजना) दुसऱ्या बँकेत नेली, रिटर्नमध्ये कुठे दाखवायची?

२०२५ चं कॅनडाचं रिटर्न भरायला घेतलंय, प्रांत ऑन्टारियो. दोन आरआरएसपी हलवल्या. पहिलीतले ३०,००० डॉलर नव्या बँकेने टी२०३३ फॉर्म भरून परस्पर मागवून घेतले. दुसरीतले १२,००० ऑक्टोबरमध्ये चालू खात्यात घेतले. २,४०० कर कापून ९,६०० हातात आले, ते त्याच आठवड्यात नव्या आरआरएसपीत भरले. आता दुसरीची टी४आरएसपी स्लिप (काढलेल्या रकमेची) आलीय, पहिलीची काहीच नाही. दोन्ही रकमा शेड्युल ७ मध्ये (रिटर्नचं आरआरएसपीचं परिशिष्ट) ट्रान्सफरच्या ओळ २४६४० वर टाकायच्या का? २०२५ ची रूम (वजावट मिळेल अशा भरण्याची मर्यादा) ४,००० आहे.

प्रतिसाद १:
२४६४० वर यातलं काहीच टाकू नका. ती ओळ उत्पन्नात धरलेल्या काही ठरावीक रकमांसाठी आहे, उदाहरणार्थ १९९६ पूर्वीच्या नोकरीच्या वर्षांपोटी मिळालेला रिटायरिंग अलाउन्सचा (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा) पात्र भाग. तुमचे १२,००० त्यात बसत नाहीत.

३०,००० रिटर्नमध्ये कुठेच दाखवायचे नाहीत. टी२०३३ ने पैसे एका योजनेतून थेट दुसरीत जातात, म्हणून स्लिप निघत नाही. फॉर्मची प्रत जपून ठेवा. एक मात्र बघा: नवी बँक कधीकधी चुकून या रकमेची काँट्रिब्यूशन रिसीट पाठवते. ती वापरून वजावट घेऊ नका, बँकेकडून रद्द करून घ्या.

दुसरा व्यवहार मात्र कायद्याने ट्रान्सफर नाहीच. पैसे तुमच्या नावावर आले त्या क्षणी ती उचल झाली. स्लिपचा बॉक्स २२, म्हणजे पूर्ण १२,०००, उत्पन्न म्हणून ओळ १२९०० वर. बॉक्स ३० मधले २,४०० ओळ ४३७०० वर. पुन्हा भरलेले ९,६०० हे नवं काँट्रिब्यूशन, ते शेड्युल ७ मध्ये ओळ २४५०० च्या बेरजेत येईल. पण ओळ २०८०० वर वजावट फक्त ४,००० चीच, कारण रूम तेवढीच आहे. काढलेल्या पैशांची रूम परत मिळत नाही, सगळं दुखणं इथेच आहे.

धागाकर्ता:
मग उरलेल्या ५,६०० चं काय?

प्रतिसाद २:
त्यातल्या २,००० ना सूट आहे. राहिलेल्या ३,६०० वर जादा भरल्याचा कर महिना १%, म्हणजे ३६ डॉलर. ऑक्टोबर ते डिसेंबर तीन महिन्यांचे १०८. जानेवारीत २०२५ च्या कमाईवरची नवी रूम जमा झाली की जादा रक्कम बहुधा त्यात मुरेल, आणि वजावटही पुढच्या रिटर्नमध्ये घेता येईल. १०८ साठी टी१-ओव्हीपी हा वेगळा फॉर्म लागतो. त्याची मुदत वर्ष संपल्यापासून ९० दिवस, ३० एप्रिल नव्हे. इथेच बरेच जण चुकतात आणि दंड व व्याज वाढवून घेतात. चूक समजण्यासारखी असेल आणि जादा रक्कम काढायला पावलं उचलली असतील, तर कर माफीचा अर्ज करता येतो.

२,४०० कापले म्हणून हिशेब मिटला असं समजू नका. खरा कर तुमच्या स्लॅबने लागतो. शिवाय ८,००० नी (१२,००० वजा ४,००० ची वजावट) निव्वळ उत्पन्न वाढल्यामुळे, मुलं असतील तर चाइल्ड बेनिफिटही घटू शकतं.

प्रतिसाद १:
जुन्या नोकरीचं पेन्शनही हलवलं असेल तर टी२१५१ फॉर्मने थेट आरआरएसपीत गेलेला भाग दाखवावा लागत नाही. मर्यादेबाहेरची रक्कम रोखीने मिळते, ती टी४ए स्लिपच्या बॉक्स ०१८ मधून ओळ १३००० वर. आणि टी१० स्लिप (नोकरीची पेन्शन योजना सोडल्यावर येणारी) आली असेल तर ती आधी शोधा, तिच्यामुळे रूम वाढते आणि वरचं सगळं गणित बदलतं.